सावदेकर वकिलांची शेवटची तारीख

शेषराव मुनशी बाररूमच्या पायरीवर येऊन बसले आणि त्यांनी टोपी काढली.

मी समोरच्या कडुनिंबाखाली उभी होते. जानेवारीची सकाळ, हाडं गोठवणारी थंडी, माणसं मफलरात नाक खुपसून बसलेली, आणि हा माणूस उघड्या डोक्याने. सावदेकर वकिलांच्या या मुनशीला मी वर्षभर पाहत आले होते, पण त्यांचं डोकं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टक्कल होतं, आणि टोपीखालचा भाग उन्हाने रापलेल्या चेहऱ्यापुढे अगदीच पांढरा दिसत होता. आमच्या वऱ्हाडात जुन्या वळणाचा माणूस चारचौघांत टोपी काढतो ती एकाच कारणाने.

"काय झालं शेषराव?" एका वकिलाने विचारलं.

शेषराव काही बोलले नाहीत.

"सावदेकरसाहेब? दवाखान्यात होते ना? कसे आहेत?"

शेषरावांनी टोपी मांडीवर ठेवली, तिची घडी नीट केली आणि ते रडायला लागले. म्हातारा माणूस ओठ दाबून रडतो तसे. वकिलाने चष्मा काढला. "अरेरे," तो म्हणाला आणि आत धावला. बाररूममधला कॅरमचा आवाज थांबला.

मला मेलेल्या माणसाचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता दिवाकरला थांबवणार कोण?

दिवाकर माझा धाकटा भाऊ. आमच्या शेतात हरभरा होता, आणि रानडुकरांचे कळप रातोरात वावर उकरून टाकायचे. पंचक्रोशीत सगळे करत तेच त्याने केलं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तार ओढली आणि रात्री तिच्यात करंट सोडला. शेजारचं शेत विलासचं. विलास म्हणजे दिवाकरचा लहानपणापासूनचा जोडीदार, एकाच ताटात जेवणारे दोघं. तारेत करंट सोडायचा असला की दिवाकर संध्याकाळीच त्याला सांगून ठेवायचा. एका संध्याकाळी सांगायचं राहिलं. विलास रात्री मोटार बंद करायला धुऱ्याने गेला.

पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं मोठं कलम लावलं. दिवाकरने जामीन घेतला नाही. तुरुंगात मी भेटायला गेले तर जाळीपर्यंत यायचा, आणि "ताई, जा तू" एवढं म्हणून परत फिरायचा. त्याचं एकच ठरलं होतं. कोर्टात दोषारोप वाचून दाखवतात आणि आरोपीला विचारतात, गुन्हा कबूल आहे काय? त्या दिवशी 'कबूल' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. दहा वर्षं झाली तरी चालतील.

मी एसटीत कंडक्टर. बारा वर्षांच्या पोराला पाचचं सांगून अर्धं तिकीट मागणाऱ्या आया रोज पाहिलेल्या, त्यामुळे माणूस खरं बोलतोय की खोटं हे मला तोंडावरून कळतं. दिवाकर खरंच बोलत होता. म्हणून तर माझी झोप उडाली होती.

सावदेकर वकील आम्हाला मिळाले ते स्वस्तात. कोर्टात त्यांना 'तारीखवाले' म्हणत. केस सावदेकरांकडे द्या, निकाल नातू ऐकेल, असं तरुण वकील चहाच्या टपरीवर म्हणायचे आणि हसायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, कोट कोपरांवर चकाकलेला. आमच्या केसमध्येही त्यांनी तेच केलं. कधी कागदांच्या नकला वाचता येत नाहीत म्हणून तारीख, कधी गुन्ह्यातून वगळण्याचा अर्ज दिला म्हणून तारीख, कधी तो अर्ज चालवायला सवड हवी म्हणून तारीख. दर तारखेला माझी एक रजा जायची आणि दर तारखेला दिवाकर गाडीतून उतरताना तोंडातल्या तोंडात तो एक शब्द घोळवताना दिसायचा.

एकदा मी त्यांच्यावर उखडले होते.

"वकीलसाहेब, तुम्ही नुस्त्या तारखा घेता. केस कधी चालवान?"

"बेबी," ते म्हणाले, "तुझ्या भावाला शिक्षा हवी आहे. कोर्ट देईल ती त्याला गोड लागेल, कारण ती त्यानेच मागितलेली आहे. विलासच्या आईला भेटलीस का?"

अनसामाय, विलासची आई. मी भेटले होते. ओट्यावर बसून ती सरकी निवडत होती. नवरा कधीच गेलेला, आता मुलगाही गेला होता. मी पायावर डोकं ठेवलं तर तिने पाय मागे घेतले.

"मामी, तुम्ही एकडाव त्याले भेटा. तुमचं तो ऐकीन," मी म्हणाले होते.

"पोराची वर्षी झाल्याबिगर मी गावाची शीव ओलांडत नाही. विलासच्या बापाच्या टायमालेबी ओलांडली नोती."

"मंग मले सांगा, मी निरोप देतो त्याले."

"जे सांगायचं हाय ते मी त्याच्या तोंडावर सांगीन. तुह्याजवळ नाही."

तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला, रोज शंभर तोंडं वाचणाऱ्या बाईला, वाचता आलं नाही. मी ते वकिलांना सांगितलं. म्हटलं, ती येऊन 'कबूल कर' म्हणाली तर?

"तर तो तिचा हक्क आहे," ते म्हणाले. "पण आधी ती बोलेल, मग तो बोलेल, मग कोर्ट. हा क्रम मला पाहिजे. वर्षश्राद्धापर्यंत मी ओढतो."

पण जज्जसाहेब कडक होते. मागच्या तारखेला त्यांनी बजावलं होतं, "ही शेवटची संधी. पुढच्या वेळी वकील आजारी असोत, गावाला असोत, दोषारोप ठेवला जाईल. सरकारी खर्चाने दुसरा वकील देऊ." आणि ती तारीख वर्षीच्या अलीकडची निघाली, चार-पाच दिवसांनीच अलीकडची. त्यात आठवड्यापूर्वी सावदेकर छातीत कळ येऊन दवाखान्यात पडले. आणि आता शेषराव टोपी काढून बसले होते.

पोलिसांची गाडी आली. दिवाकर उतरला. मी गार्डच्या आडून त्याच्याजवळ गेले.

"दिवा, वकीलसाहेब गेले रे."

त्याने बेडी सावरली. "बिचारे सुटले," म्हणाला. "आता मीबी सुटतो."

"आजच्या दिवस काही बोलू नको. माह्या गळ्याची शपथ हाय."

"ताई, शपथ कायले घालतं? मले झोप नाही येत. डोळा लागला का धुरा दिसते."

बाररूममध्ये वकिलांची सभा भरली. वकील गेला की बार ठराव करतं, कोर्टात सगळे उभं राहतात, दोन शब्द बोलतात, आणि त्या दिवसाचं कामकाज होत नाही. हे मला एका बेलिफाने सांगितलं. माझ्या जिवात जीव येतो न येतो तोच तो पुढे म्हणाला, "पण जेलातल्या आरोपीच्या केसेस साहेब आधी आटपून घेतात. गार्ड खोळंबते ना."

मी बाररूमच्या दाराशी गेले. आत अध्यक्ष, तायडे वकील, कागदावर काहीतरी खरडत होते. म्हटलं, "साहेब, लवकर चला, माह्या भावाचा पुकारा होऊन राह्यला." त्यांनी हात केला, थांबा. दुसरा एक वकील त्यांना सांगत होता, "'न्यायदानातील संयमाचा आदर्श' असं टाका." काल याच माणसाने टपरीवर नातवाचा विनोद केला असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी कोर्टाकडे धावले, कारण तिकडून पट्टेवाल्याचा आवाज आला होता.

"दिवाकर निंभोरकर हाजीर हो!"

दिवाकर पिंजऱ्यात उभा राहिला. जज्जसाहेबांनी कागद हातात घेतला.

"आरोपीचे वकील?"

आरोपीच्या वकिलाची खुर्ची रिकामी होती.

"ठीक आहे. आरोपी, तुमच्यावरचा दोषारोप वाचून दाखवतो. नीट ऐका." आणि ते वाचायला लागले. विलासचं नाव आलं. वडिलांचं नाव आलं, वय आलं, शेताचा गट नंबर आला. दिवाकरच्या ओठांची हालचाल मला दारातून दिसत होती. मी मागे वळून पाहत होते, व्हरांडा रिकामा, बाररूमच्या दारात कोणी नाही. मरो तो संयमाचा आदर्श, मला वाटलं, पाय आहेत का नाहीत या लोकांना!

"...हा गुन्हा तुम्हाला..."

तेवढ्यात काळ्या कोटांचा लोंढाच आत आला. तायडे वकील हात जोडून म्हणाले, "साहेब, बारचे ज्येष्ठ सदस्य, सावदेकरसाहेब, आज सकाळी गेले."

जज्जसाहेबांनी कागद खाली ठेवला. "अरे! या आरोपीचेच वकील ते."

"होय साहेब."

"साहेब," दिवाकर मोठ्याने म्हणाला, "मले वकील नको. मले बोलायचं हाय."

"आज नाही," जज्जसाहेब म्हणाले आणि उठून उभे राहिले.

सगळे उभे राहिले. तायडे बोलले. सरकारी वकील बोलले, की सावदेकरांनी कधी आवाज चढवला नाही. जज्जसाहेबही बोलले, की अशी माणसं आता होत नाहीत. मग सगळे माना खाली घालून शांत उभे राहिले. मी भिंतीला टेकून रडत होते. दवाखान्यातला तो माणूस गेला म्हणून आणि तो शब्द दिवाकरच्या तोंडातच राहिला म्हणून, दोन्हीसाठी. आम्हाला पंधरवड्यानंतरची तारीख मिळाली. गाडीत चढताना दिवाकरने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तडक दवाखाना गाठला. जिन्यातच पदर तोंडाला लावला, खोलीचं दार ढकललं, आणि तिथेच थिजले.

सावदेकर वकील खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि मोसंबीची फोड सोलत होते.

"मिळाली का?" त्यांनी विचारलं.

मी तोंडावरचा पदर काढला.

"तारीख गं. मिळाली का?"

"पंधरा... पंधरा दिवसांची."

"कमी दिली," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाला महिना तरी द्यायला पाहिजे होता. वर्षीच्या पलीकडची आहे ना? मग झालं. बस. मोसंबी घे."

मी खाली फरशीवर बसले आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बापाच्या वयाच्या माणसाला एवढ्या शिव्या मी आयुष्यात दिल्या नव्हत्या. ते फोडी सोलत ऐकत राहिले. मग मला हसू फुटलं आणि मला हसताना बघून तेही हसले, तर त्यांना ढास लागली आणि नर्स मला ओरडली.

शेषराव कोपऱ्यात स्टुलावर होते. टोपी डोक्यावर परत आली होती.

"मले म्हणाले, बाररूमच्या पायरीवर जाऊन बसजो, टोपी काढजो, अन कोणी काही विचारलं तं बोलजो नको," ते सांगायला लागले. "म्या म्हणलं, साहेब, टोपी तं मले तुमच्यासाठी एक दिवस काढाच लागन. तं म्हणाले, मंग आजच काढ. म्हणजे मले जितेपणीच समजन."

"मग रडलात कशाले?" मी विचारलं.

"टोपी काढली, बाई. मंग रडू आलं."

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. तायडे वकील आणि तिघे-चौघे आले, हातात शेवंतीचा भलामोठा हार. दारातून आत पाहिलं आणि हार तसाच लोंबकळत राहिला.

"या तायडे," सावदेकर म्हणाले. "तुमचं भाषण चांगलं झालं म्हणे."

"सावदेकर, ही बारची फसवणूक आहे! कोर्टाची फसवणूक आहे!"

"मी मेलो असं कोण म्हणालं? शेषरावांनी टोपी काढली. त्यांना उकडत असेल."

"जानेवारीत?"

"म्हातारपणी काही सांगता येत नाही."

तायडे लालबुंद झाले. नोटीस काढतो, सनद घालवतो म्हणाले. हार त्यांनी खिडकीत टाकला आणि निघून गेले. सावदेकरांचा चेहरा तेव्हा प्रथमच उतरला. "पन्नास वर्षं झाली या कोटाला," ते हळू म्हणाले. मग मला म्हणाले, "म्हातारीला घेऊन ये. ती काय बोलते ते मला सांगायला ये. कबूल म्हणाली तरी ये."

विलासची वर्षी झाली. त्यानंतरच्या तारखेला पहाटे मी अनसामायला एसटीत बसवलं. माझ्याच गाडीत, पुढच्या सीटवर; तेवढी एक फेरी करून पुढे माझी रजा होती. ती हट्टाने तिकिटाचे पैसे देत होती. सबंध रस्ता खिडकीबाहेरची वावरं पाहत राहिली. मी तिकिटं फाडत होते आणि दर तिकिटामागे तिच्याकडे पाहत होते. एका प्रवाशाने सुट्ट्यावरून वाद घातला, त्याला मी जे उत्तर दिलं ते ऐकून अख्खी गाडी गप्प झाली.

दिवाकरला गार्डने व्हरांड्यात आणलं. समोर अनसामायला पाहिलं आणि तो खाली बसला, बेडीसकट. तोंड गुडघ्यांत घातलं.

"वर पाह्य," ती म्हणाली.

त्याने पाहिलं नाही. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"कबूल म्हणून राह्यला म्हणते तू. ह्या तुह्या बहिणीनं सांगतलं."

"हो मामी."

"म्हणजे जेलात बसशीन. भाकर आयती भेटीन. मले तोंड दाखवा नाही लागन, माह्या दारावरून जा नाही लागन. चांगली सोय केली रे!"

"मामी, म्या मारलं त्याले."

"हो, तूच मारलं. मले कोर्टानं सांगा नाही लागत. पण माह्यं वावर वर्षभर पडीत हाय. मोटार बंद हाय. माह्यावाला तं गेला, अन तू म्हणतं मीबी जातो? मंग मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?" तिचा आवाज चिरला. "तुले शिक्षा पाह्यजे ना? मी देतो. रोज सकाळी माह्या दारात येजो. मी तुह्या तोंडाकडं पाहीन, अन तू माह्या तोंडाकडं पाह्यजो. मी जितली तोवर. हाय कबूल?"

दिवाकर तिच्या पायांवर कोसळला. यावेळी तिने पाय मागे घेतले नाहीत. गार्डचा हवालदार खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

पुकारा झाला. आम्ही आत गेलो. मागच्या बाकावर शेषराव बसले होते. उघड्या डोक्याने, टोपी मांडीवर.

"आरोपीचे वकील?" जज्जसाहेबांनी विचारलं.

शेषराव उभे राहिले. "साहेब, ते गेले. पहाटेच."

कोर्टात खसखस पिकली. तायडे वकिलांनी कपाळाला हात लावला. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, त्यांच्याही ओठांवर काहीतरी आलं होतं. "शेषराव," ते म्हणाले, "टोपी घाला. हे कोर्ट आहे."

शेषरावांनी टोपी घातली नाही. ते खाली बसले आणि मीही तोंडाला पदर लावून हसले. मनात म्हटलं, म्हातारा काही केल्या सवय सोडायचा नाही. आज तारीख नको, आज गरजच नाही, हे त्याला कुठे माहीत?

दोषारोप वाचून झाला. "हा गुन्हा तुम्हाला कबूल आहे काय?"

दिवाकरने मागे पाहिलं. अनसामाय भिंतीशी बसली होती, डोळे त्याच्यावर रोखलेले.

"नाही साहेब," तो म्हणाला. "चूक माह्यी हाय. पण हा गुन्हा कबूल नाही."

मी बाहेर पडले ती नाचतच. फळवाल्याकडून मोसंबी घेतली, चांगली पिवळीधमक निवडून. दवाखान्याच्या जिन्यात दोन-दोन पायऱ्या चढले आणि दार ढकलून म्हणाले, "वकीलसाहेब, उठा! काम झालं!"

खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि बाई फरशी पुसत होती. खिडकीत तो शेवंतीचा हार अजून पडलेला होता, वाळून काळा झालेला.

"घरी नेलं त्यायले," बाई म्हणाली. "पहाटेच गेले."

पिशवी हातातून सुटली आणि मोसंबी ओल्या फरशीवर घरंगळत गेली. खोट्या मरणाला मी ढसाढसा रडले होते, आणि खऱ्याला पदरात तोंड घालून हसले होते. त्या दिवशी कोर्ट पूर्ण वेळ चाललं. नंतर खरं कळल्यावरही बारने दुसरा ठराव केला नाही. एका माणसासाठी दोनदा उभं राहायची पद्धत नाही, असं तायडे म्हणाले म्हणे. सरणाजवळ घरची माणसं, शेषराव, मी आणि अनसामाय एवढेच होतो. शेषरावांनी त्यानंतर टोपी घातलेली मी पाहिली नाही.

पुढे ते मोठं कलम टिकलं नाही. निष्काळजीपणाचं राहिलं, आणि त्याची शिक्षा दिवाकरने आत काढलेल्या दिवसांतच फिटली. सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो अनसामायच्या दारात जाऊन उभा राहिला. आज तो पन्नाशीला आलाय, आणि ती ऐंशीच्या पुढे. दोन्ही वावरं तोच करतो. तार कुठेच नाही. हरभरा डुकरं खातात ते खातात.

जानेवारीत एक दिवस अनसामाय पुरण घालते आणि दिवाकर सावदेकर वकिलांच्या नावाने पान वाढून धुऱ्यावर नेऊन ठेवतो. पहिल्या वर्षी मी त्याला म्हणाले होते, "अरे, वकीलसाहेब ह्या दिवशी नोते गेले. पंधरा दिवसांनी गेले."

"ते त्यांच्या घरच्यांचं, ताई," तो म्हणाला. "माह्यासाठी ते ह्याच दिवशी गेले."